पापडाची सावड

गेवराईत दुसऱ्या सालीही पाऊस फिरकला नाही. रानात खुरपायला काही उरलं नाही, तेव्हा सहा जणी पोळपाट-लाटणं घेऊन महादेवीच्या घरी येऊन बसल्या. किराणा दुकानदार शिवशरणची ही बायको उडदाचे पापड करून विकायची. सहा घरच्या चुली त्यावर पेटू लागल्या आणि सुंदररावांच्या पोटात दुखू लागलं.

सुंदरराव महिला पापड सहकारी संस्थेचे चेअरमन. महिलांच्या संस्थेला मिशीवाला चेअरमन कसा, हे विचारायची सोय नव्हती. अनुदानातून शेड झाली, यंत्र आलं, फीत कापली आणि कुलूप लागलं. त्या शेडमधून पापडाचा तुकडा बाहेर आला नाही. पण दुसरीच्या घरी लाटणी वाजली की संस्थेवर अन्याय होतो म्हणे. त्यांनी नगरपरिषदेत अर्ज ठोकला.

मग त्रिंबक नावाचा इन्स्पेक्टर चेअरमनना सोबत घेऊनच दारात आला. रहिवासी भागात घरच्या धंद्याला बाहेरचा कामगार एकच चालतो. पाच जणींना उठवा, नाहीतर सील ठोकतो म्हणाला. याच गल्लीतून वाळूचे हायवा धडधडत जातात, भिंतींना तडे जातात, तेव्हा हा भाग रहिवासी नसतो. सहा बायका पापड लाटायला बसल्या की लगेच होतो.

एकीला ठेवायचं तर कुणाला? महादेवीने लाटत बसलेल्या कडूबाईकडे पाहिलं, सुभद्राबाईकडे पाहिलं आणि तोंडातून निघून गेलं, "कामगार कुठं हायत साहेब? ह्या सावडीला आल्यात."

त्रिंबकने हातातली नोटीस उलटसुलट करून पाहिली. आज मी तुझ्या कामाला, उद्या तू माझ्या. यात मालक कोण आणि कामगार कोण? नियमात सावड नव्हती.

सुंदरराव गालात हसले. "सावड फेडावी लागती, वहिनी. शेठची बायको खुरपं घिऊन ह्यांच्या रानात जानार का?"

महादेवीच्या सासरी कुणा बाईने कधी खुरपं धरलं नव्हतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"जाईन," ती म्हणाली. "तुमच्या लेकीच्या लग्नाचे पापड ह्याच सहा जनींनी लाटले. तुमच्या विमलबाई गेलत्या का फेडायला? का त्या कामगार होत्या? तसं आसंल तर साहेब, चेअरमनचं घर बी रहिवासी भागातच हाय."

त्रिंबकने चेअरमनकडे पाहिलं. सावडच होती ती, असं चेअरमन घसा खाकरत पुटपुटले. नोटीस खिशात गेली.

लाटणी चालू राहिली. संध्याकाळच्या मजुरीचं नाव तेवढं चोळीबांगडी झालं. महादेवीला वाटलं, बोलले ते बोलले, मिटलं. पण पुढच्या साली कापूस उगवला आणि कडूबाई सकाळीच दारात उभी राहिली. मजुरी मिळाल्याचं ती विसरली नव्हती, पण चारचौघांत दिलेला शब्दही विसरली नव्हती.

महादेवी गेली. दुपारपर्यंत तिने गवताबरोबर कापूसही उपटला. कडूबाईने कपाळाला हात लावला.

"ऱ्हाऊ दे बाई, फिटली तुजी सावड. विमलबाईची तेवढी ऱ्हायली."

येताना महादेवी चेअरमनच्या ओट्यापाशी थांबली. विमलबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मातीने भरलेलं खुरपं तिने त्यांच्या पुढ्यात ठेवलं आणि कडूबाईचं रान कुठं आहे ते नीट सांगितलं.