एकाच बाईवर रुसलेलं यंत्र

वेनिंगने जांभळ्या टोपीची रक्ताची नळी हलक्या हाताने खालीवर केली आणि चौथ्यांदा यंत्रात ठेवली. यंत्र घरघरलं. पडद्यावर आकडा उमटला तशी ती पुटपुटली, "परत तेच!"

समोरच्या टेबलावर हर्जितो रक्त पसरलेल्या काचपट्ट्या रंगवत बसले होते. मलंग शहरातल्या त्या इस्पितळात त्यांना सगळे पाकदे म्हणत, म्हणजे थोरले काका. रक्त तपासायला वेनिंगला त्यांनीच शिकवलं होतं.

"काय झालं गं?"

"यंत्र वेड्यासारखं करतंय, पाकदे. दोनदा धुतलं, आकडा आधीच माहीत असलेला नमुना लावून पाहिला, तरी या नळीचं तेच."

"बाकीच्या नळ्या?"

"त्या ठीक आहेत."

"म्हणजे यंत्र एकाच बाईवर रुसलंय?"

ती हसली. पाकदे मात्र हात पुसत उठले. नळीवर नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता: निरोगी, एकतीस.

डॉक्टर अंबरवती महिनाभर गरोदर बायकांचं रक्त गोळा करत होत्या. गरोदरपणात रक्तदाब चढण्याचा तो आजार जसा बळावतो, तसे रक्तातले दाहाचे आकडेही वाढतात का, हे त्यांना पाहायचं होतं. तुलनेसाठी निरोगी बायकाही हव्या होत्या, आणि त्या काही मिळत नव्हत्या. आज सकाळी एकतिसावी म्हणून वेनिंगनेच बाही वर केली होती. "मी इथे आठ महिन्यांची धडधाकट उभी आहे, आणि तुम्ही बायका शोधताय?"

पाकदेंनी दाहाचा आकडा पाहिला. गरोदरपणात तो थोडा वाढतोच, पण इतका नाही. नुसत्या त्या आकड्यावरून आजार ठरत नाही, हेही ते जाणून होते. त्यांची नजर तिच्या पायांकडे गेली.

"या सपाता कुणाच्या?"

"नवऱ्याच्या. माझ्या चावतात हल्ली."

"आणि डोकं?"

"दुखतंय थोडं. औषधाच्या वासाने असेल."

"बस जरा," ते म्हणाले आणि रक्तदाबाचं यंत्र घेऊन आले. पट्टा गुंडाळताना ती कुरकुरली, "पाकदे, अजून अकरा नळ्या राहिल्यात."

एकशे बहात्तर आणि एकशे बारा.

"हेही बिघडलंय," वेनिंग घाईघाईने म्हणाली.

पाकदे रागावले नाहीत. काही शिकवायचं असलं की ते नेहमी करत तेच त्यांनी केलं: तोच पट्टा स्वतःच्या दंडाला बांधला आणि तिला म्हणाले, "तू वाच."

"एकशे सव्वीस. ऐंशी." तिचा आवाज बारीक झाला. हात आपोआप पोटावर गेला. "पाकदे, मी मशीन धूत बसले हो."

"चल पोरी. नळ्या मी बघतो."

डॉक्टरांनी तिला लगेच दाखल करून घेतलं. लघवीतही प्रथिनं सापडली. सलाईन लागलं. नवरा बान्युवांगीहून बसने निघाला होता. तो पोचायला संध्याकाळ होणार होती.

दुपारी वॉर्डमधून तिची नवी नळी खाली आली. शिकाऊ मुलगी हात पुढे करत होती, पण पाकदेंनी ती स्वतः घेतली. दाहाचा आकडा सकाळच्या दुप्पट झाला होता. त्याहून वाईट म्हणजे, रक्त थांबवणाऱ्या पेशी निम्म्याहून खाली आल्या होत्या. त्यांनी तडक डॉक्टरांना फोन केला आणि दोन्ही आकडे सांगितले. पलीकडून अंबरवती म्हणाल्या, "थांबण्यात अर्थ नाही. बाळ आजच काढू."

फोन ठेवून त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. शिकाऊ मुलगी पाठमोरी होती. त्यांनी तीच नळी हलक्या हाताने खालीवर केली आणि पुन्हा यंत्रात ठेवली.

ते वर गेले तेव्हा वेनिंगला शस्त्रक्रियेचा हिरवा अंगरखा चढवला होता. चेहरा सुजला होता. डोळे तेवढे नेहमीचे.

"किती आलं?"

"डॉक्टरांना कळवलंय."

"किती वेळा लावलीत नळी?"

पाकदे पायथ्याची चादर सारखी करू लागले. ती सारखीच होती.

"पाकदे."

"दोनदा," ते म्हणाले.

बाजूला सरकून वेनिंगने त्यांच्यासाठी जागा केली. ते बसले. बाहेर स्ट्रेचरच्या चाकांचा आवाज आला तेव्हा तिने त्यांच्या झग्याची बाही धरली.

"बाळाचं पहिलं रक्त तुम्हीच काढा. टाचेतून. नव्या पोरींचे हात जड आहेत."

"काढीन की. पण मग रडेल ते माझ्या नावाने."

"रडू दे," ती म्हणाली. "मला ऐकायचंच आहे."