जैनीचे हात

चैत्राची पहाट. निष्पर्ण मोहवृक्षांच्या फांद्यांतून मेणगोरी, मधुगंधी फुलं थेंबाथेंबाने ओघळत होती. पाचोळा झाडून काढलेली रानभूमी त्यांच्या टपटपीने हळूहळू उजळत होती.

प्रत्येक घराचं एक झाड, प्रत्येक झाडाखाली फुलं वेचायला एक घर वाकलेलं. कडेच्या झाडाखाली मात्र जैनी एकटी. अकरा वर्षं खांद्यावर बंदूक घेऊन अरण्यात हिंडलेली, पोलिसांना शरण येऊन दोन महिन्यांपूर्वी माहेरी परतलेली जैनी. तिच्या सावलीशेजारी कुणाची सावली पडत नव्हती.

आज शेवंता आली. कॉलेजात दोन वर्षं शिकलेली, सहा महिन्यांच्या लेकराची आई. मनाशी भांडून भांडून आली, आणि जैनीच्याच झाडाला तिने बाळाची झोळी बांधली.

ते पाहून पलीकडच्या चैतीमामीलाही थट्टा सुचली.

"काऊन वो जैनी, बंदुकीपेक्षा टोपली जड लागते का?"

"टोपली नाही जड, मामी. कंबरच वाकत नाही!"

झाडाझाडांतून हसू खळाळत गेलं. दोन महिन्यांत प्रथमच.

वेचलेली फुलं चादरीवर ओतायला शेवंता वळली, आणि बाळ रडलं. तीक्ष्ण, लखलखीत, रानभर पोचणारं रडणं.

जैनी झेपावली. बाळाला तिने उराशी घट्ट धरलं. आणि तिचा उजवा तळहात, तो अरण्यशिक्षित, भयजागृत तळहात, बाळाच्या तोंडावर गच्च बसला.

रान निःशब्द झालं. फक्त इवले पाय हवेत धडपडत राहिले.

शेवंताने धावत येऊन बाळ हिसकावलं.

"आवाज... आवाज लांब जातो ना," जैनी पुटपुटली. "तिकडं जंगलात असंच करावं लागे. चुकून झालं, बाई."

शेवंताला कळलं. त्या हातातली माया कळली, त्या मायेतलं भय कळलं. तिकडे असंच गप्प झालेलं एखादं लेकरू असेल, तेही कळलं. पण कळून काय उपयोग! मन म्हणत होतं, थांब. पावलं मागे मागेच जात होती.

चैतीमामीने मान खाली घातली. एकेक बाई टोपली उचलून दूर सरकली.

शेवंताने एकदाच वळून पाहिलं. तांबूस, तापत्या आभाळाखाली जैनी उभी होती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी दरडावलं नव्हतं, तरी तिचे दोन्ही हात सावकाश वर जात होते. बोटं फाकलेली, तळवे उघडे, आणि रिकामे, रिकामे, रिकामे.