शर्यत नसलेला दिवस

मित्रांनो, मी शर्यतीचा एक म्हातारा घोडा आहे. गुडघे आता पावलागणिक कुरकुरतात, पण कान अजून तिखट आहेत. शिंगरू होतो तेव्हापासून मला एकच कोडे पडले होते. धावणे थांबल्यावर घोडे करतात तरी काय? तबेल्यात एखादा लंगडू लागला की त्याची जागा रिकामी व्हायची आणि तो परत दिसायचा नाही. विचारणार कोणाला?

जिंकत होतो तोवर लोक माझ्या गळ्यात पडत. मागे पडू लागलो, तसे मालक माझ्या मोतद्दाराला म्हणाले, "माझ्या ताईकडे कुरण आहे. ती उद्या बघायला येतेय. आवडला तर नेईल, नाहीतर वीटभट्टीवाला गाड्याला जुंपायला तयारच आहे."

वीटभट्टी मी पाहिली नव्हती. पण माझे अंग चोळणारा मोतद्दाराचा हात जागीच थांबला, त्यावरून काय ते समजलो.

सकाळी त्याने मला नवरदेवासारखे सजवले. आयाळीच्या वेण्या घातल्या, पायांना पट्ट्या बांधल्या. असा थाट फक्त शर्यतीच्या दिवशी असायचा! दाणा तसाच टाकला. घामाने निथळत मी खूर आपटू लागलो.

ताई आल्या आणि तशाच मागे सरल्या. "अगं बाई! हा म्हातारा आहे की तोफेचा गोळा? माझ्याकडे नातवंडं खेळतात. नको रे बाबा."

"ताई, एरवी अगदी गरीब गाय आहे हो!" मोतद्दार म्हणाला.

"गाय असती तर दूध तरी दिलं असतं."

मोतद्दाराने माझ्या पट्ट्यांकडे पाहिले आणि कपाळावर हात मारला. "गाढव मीच! राजा, तुला वाटलं आज धावायचंय, होय ना?"

त्याने पट्ट्या सोडल्या, वेण्या उलगडल्या आणि मला धुळीत मोकळे सोडले. शर्यतीच्या दिवशी असे कधीच होत नसे. मी माती हुंगली, गुडघे दुमडले आणि चारी पाय वर करून मनसोक्त लोळलो.

ताई हसत पुढे आल्या. "आता कसा घरातला दिसतोस! चल."

धावणे थांबल्यावर घोडे काय करतात ते मला आता ताईंच्या कुरणात कळते आहे. काल एक बेडूक माझ्या नाकासमोर बसला होता. तो उठेपर्यंत मीही हललो नाही. अशी सवड मला आधी कधी मिळाली होती?

मित्रांनो, जो तुमच्यासाठी जन्मभर धावला, त्याला म्हातारपणी थोडी मोकळी जागा द्या. मग तो तिथे काय काय करतो, ते थांबून बघा. मी निघतो आता. कुंपणापाशी काहीतरी हलते आहे.