ब्रेककाकांच्या नावावरचे आकडे

मी एक जुने रक्तदाब मोजण्याचे यंत्र आहे. सध्या माझा मुक्काम कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात, जुन्या चार्जरच्या गुंत्याशेजारी आहे. माझ्या हवेच्या नळीला बारीक चीर पडली आहे. पण मित्रांनो, मला इथे ठेवले ते त्या चिरेमुळे नव्हे.

कारखान्यात तपासणी करणाऱ्या बाईंनी मला स्वतःच्या दंडाला बांधून पाहिले होते. शेजारी पाऱ्याची उभी नळी होती. पारा जो आकडा दाखवी, तोच मी दाखवते का, हे त्यांनी तीनदा ताडून पाहिले. "हे गुणी आहे हो," असे त्या पलीकडच्या टेबलावरच्या बाईंना म्हणाल्या. त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस खूश होते.

मग मी शाळेची बस चालवणाऱ्या एका माणसाच्या घरी आले. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीशी शिलाई मशीन. घरात तो चालक, कपडे शिवणारी त्याची बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी. चालकाला सगळे ब्रेककाका म्हणत, कारण रस्त्यावर मांजर दिसले तरी ते बस थांबवत. बावीस वर्षांत त्यांच्या बसमध्ये कुठल्याही मुलाला साधे खरचटलेही नव्हते. "थोडं काठावर आहे, घाबरायचं कारण नाही. पण रोज सकाळी मोजा," असे डॉक्टरांनी त्यांना सांगितले होते.

माझ्यासोबत फोनमध्ये घालायचे एक ॲप होते. मुलीने ते काकांच्या फोनमध्ये घातले. पडद्यावर अटींची अकरा पाने उघडली. काकांनी चष्मा लावला.

"काय लिहिलंय गं एवढं?"

"काही नाही हो बाबा, सगळीकडे हेच असतं. तुमचं बीपी बघून कोणाला काय मिळणार आहे?"

तिने अंगठ्याने ती पाने भराभर वर सरकवली आणि 'मान्य' दाबले. मला तेव्हा त्याचे काहीच वाटले नाही. माझे काम मोजण्याचे.

काकांचा आकडा बहुतेक एकशे अठ्ठावीस आणि ब्याऐंशीच्या आसपास असे. मी तो फोनला सांगे, आणि फोन पुढे कुठे सांगे, ते मला ठाऊक नव्हते.

हळूहळू माझा लौकिक जिन्यात पसरला. दर रविवारी सकाळी शेजारी येऊ लागले. "आलाच आहात तर बीपी बघून जा," असे काकू सगळ्यांना म्हणत. वरच्या मजल्यावरचे निवृत्त चित्रकला मास्तर, लिफ्ट दुरुस्त करणारा तरुण, तळमजल्यावरच्या मावशी. एकेक जण खुर्चीत बसून हात पुढे करी.

"मास्तर, बोलू नका. आकडा चढतो," काकू दटावत.

"बोलल्यानं नाही चढत, तुझ्या उपदेशानं चढतो!"

खोली हसे. एका रविवारी मी मास्तरांचे एकशे नव्वद दाखवले. त्याच दिवशी काकूंनी त्यांना बळेच डॉक्टरांकडे पाठवले आणि ते वाचले. माझे केवढे कौतुक झाले! काकूंनी मला फुलाफुलांच्या कापडाची पिशवी शिवली.

एकदा मुलीच्या लक्षात आले. "आई, सगळ्यांचं बाबांच्या नावावर जमा होतंय."

"होऊ दे की. माझ्या वहीत नाही का सगळ्यांची मापं एकत्र असतात?"

काकूंच्या वहीत प्रत्येक मापावर ज्याचे त्याचे नाव असे, ही गोष्ट त्या क्षणी तिघांपैकी कोणालाच सुचली नाही. माझ्या आत एकच नाव होते.

दोन वर्षांनी, एका दुपारी बसच्या ठेकेदाराचा फोन आला.

"काका, तुमचं बीपी एकशे नव्वदला जातं म्हणे?"

"माझं? कोण म्हणतं?"

"विमा कंपनी. त्यांच्याकडे दोन वर्षांचा आलेख आहे. असा चालक असेल तर बसचा विमा करणार नाही म्हणतात. लहान मुलांचा प्रश्न आहे, मी तरी काय करू?"

सोमवारपासून बसवर दुसरा चालक आला. डॉक्टरांनी दाखला दिला, पण एका दिवसाचा कागद आणि दोन वर्षांचे आकडे यांत ठेकेदाराने आकड्यांवर विश्वास ठेवला. माझा एकही आकडा चुकीचा नव्हता. म्हणूनच तो खोटेपणा कोणाला पकडता येईना.

मुलीने ॲपवाल्या कंपनीला पत्र लिहिले. उत्तर आले: आपण अटी मान्य केल्या आहेत. आमच्याकडची नोंद पुसली आहे. इतर संस्थांना आधीच दिलेली माहिती परत घेता येणार नाही. मग तिने ती अकरा पाने पहिल्यांदा वाचली. सातव्या पानावर सगळे स्वच्छ लिहिलेले होते.

ग्राहकांच्या तक्रारी चालवणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या, "ते आकडे दुसऱ्यांचे आहेत हे शेजाऱ्यांकडून लिहून आणा. तारीख, आकडा, सही."

त्या रविवारी काकूंनी सगळ्यांना बोलावले. मास्तर लगेच म्हणाले, "पेन आण. मला आता कुठे नोकरीला लागायचंय!"

लिफ्टवाला मात्र फरशीकडे बघत राहिला. "काका, मी उंचावर काम करतो. उद्या माझा आकडा कोणी बघितला तर?"

मावशी हळूच म्हणाल्या, "माझ्या घरीसुद्धा माहीत नाही हो."

काकूंचा तोल गेला. "दोन वर्षं याच खुर्चीत बसून हात पुढे करत होतात! तेव्हा बरं वाटत होतं?"

"राहू दे गं," काका म्हणाले. "त्यांचं त्यांच्यापाशी राहू दे. बाहेर गेलेलं परत येत नाही, ते आपण बघतोय ना?"

एकट्या मास्तरांच्या सहीने काय होणार? तक्रार अजून पडून आहे. काका आता बसच्या डेपोत फाटकाशी बसून गाड्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहितात.

माझा शेवटचा आकडा मला स्वच्छ आठवतो. सकाळची वेळ होती. फोन बंद होता. मुलगी कागद घेऊन बसली होती. मी काकांच्या दंडाभोवती फुगत असतानाच खाली त्यांची जुनी बस आली. नव्या चालकाने ब्रेक उशिरा दाबला. काकांचा पाय जमिनीवर आपोआप दाबला गेला. मी एकशे छप्पन्न दाखवले.

"लिहू?" मुलीने विचारले.

"नको," काका म्हणाले आणि त्यांनी स्वतःच माझा पट्टा सोडून मला या खणात ठेवले.

त्यांच्या नावावर मी आजवर दाखवलेल्या साऱ्या मोठ्या आकड्यांत खरोखर त्यांचा असलेला हा एकच. तो कोणाकडेही गेला नाही.

मित्रांनो, मोजणे मला येत होते, विचारणे येत नव्हते. तुम्हाला येते. तुमच्या घरात माझ्यासारखे काही आले, तर ते काय लिहून घेते, कोणाच्या नावावर आणि कोणाला देते, हे आधी विचारा. उत्तर मिळेपर्यंत अंगठा पडद्यापासून लांब ठेवा. आणि शेजाऱ्याने तुमच्या खुर्चीत बसून विश्वासाने हात पुढे केला, तर त्याच्यासाठीही विचारा.