शेवटच्या ओळीखालचा बाण

तो बाण अजून तिथेच होता — संगणकाच्या पडद्यावरच्या शेवटच्या, रिकाम्या ओळीखाली, नखाएवढा, वर तोंड करून उभा. जिथे एक अक्षरही लिहिलेलं नाही तिथे बोट दाखवून चूक इथे आहे म्हणणारा. शेजारी त्यानेच कधीकाळी लिहिलेले दोन शब्द होते: अनपेक्षित शेवट. चहा निवून त्यावर साय धरली होती. शेवट अपेक्षित तरी कुणाला असतो, असं त्याच्या मनात आलं, आणि असले विचार आपल्याला सुचतात याचाच त्याला कंटाळा आला... सकाळी दाराजवळ बायकोची बॅग होती.

बॅगेचं नंतर. आधी रंगारी.

तो नोकरीला होता ती कंपनी कापड रंगवण्याच्या यंत्रांसाठी प्रोग्रॅम लिहीत असे. यंत्राने काय करायचं ते रंगारी साध्या शब्दांत ओळीखाली ओळ लिहून द्यायचा — पाणी भर, तापव, मग कंस उघडून आत रंग सोड, फिरव, निथळ, धू, आणि कंस बंद. हे लिखाण वाचून त्याचा अर्थ लावणारा भाग म्हणजे पार्सर, आणि तो गेली कित्येक वर्षं त्याच्या गळ्यात होता. एका रंगाऱ्याने काल कंस उघडला आणि बंद करायला विसरला. गुन्हा एवढाच. पार्सर बिचारा कंस आता बंद होईल, मग बंद होईल म्हणत खाली खाली गेला, लिखाणच संपलं, आणि जिथे संपलं तिथे बाण उभा करून मोकळा झाला. चूक जिथे झाली तिथे नाही, जिथे लक्षात आली तिथे.

रंगारी सकाळी फोनवर चिडलाही नव्हता, हेच वाईट होतं. त्याने सगळं शांतपणे, डॉक्टरला पोटदुखी सांगावी तसं सांगितलं. बाण शेवटच्या ओळीवर होता म्हणून त्याने ती ओळ पुसली. बाण वरच्या ओळीवर आला. ती पुसली. बाण आणखी वर.

"तुम्ही दाखवत गेलात, मी पुसत गेलो," रंगारी म्हणाला. "शेवटी एकदाचं यंत्र गप्प बसलं. पाणी भरलं, तापवलं, कापड त्यात पडून राहिलं, आटलं, आणि पांढरंच बाहेर आलं. रंग नाही, साहेब. पण चूकही नाही."

हे ऐकून त्याला हसू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. आज संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून पाठवतो, असं त्याने सांगितलं. मॅनेजरबाईंच्या मते बाण लाल करावा आणि संदेशात 'कृपया' घालावं, म्हणजे गिऱ्हाइकाला बरं वाटतं. त्यावर तो बघू म्हणाला. कुणी काही विचारलं की तो बघू म्हणायचा, त्यात त्याला कधी वावगं वाटलं नव्हतं. नाही म्हणण्यापेक्षा बरं, भांडण नको, डोक्याला ताप नको.

सकाळीही त्याने भांडण केलं नव्हतं. बॅग दिसली, कुठे म्हणून विचारलं. संध्याकाळच्या गाडीने भावाकडे जातेय, दुकानातून लवकर येऊन निघेन, असं ती आरशात बघत म्हणाली. परत कधी, तर ती म्हणाली बघू. तिच्या तोंडून तो शब्द कसातरीच वाटला, दुसऱ्याचा शर्ट घातल्यासारखा. मग त्याने विचारलं, काय झालं? काही नाही. काहीतरी झालंच असेल ना... टॉवेल? हो, त्याने खरोखर टॉवेल का, असं विचारलं होतं. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते, दिवसभर एकेक काच बदलत हे बरं दिसतं की ते, हे बरं की ते, असं न कंटाळता विचारते — तिने त्याच्याकडे असं बघितलं, जणू आता बदलून बघायला काच उरलेली नाही.

पण टॉवेल तर त्याने कधीचा सोडला होता! ओला टॉवेल पलंगावर टाकतोस, ती म्हणाली, त्या दिवसापासून त्याने टाकला नाही. सकाळी किती शीळ घालतोस म्हणाली — शीळ बंद. जेवताना रेडिओ नको — रेडिओ बंद. रविवारी पत्ते कुटायला येणारे दोघे मित्र नकोत असं ती म्हणालीही नव्हती, तिने नुसत्या कपबश्या जरा आपटून धुतल्या, आणि त्याने त्यांना कटवलं. ऑफिसातली गंमत सांगताना एकदा ती हे सांगून झालंय म्हणाली, तेव्हापासून गमती त्याच्या पोटात राहिल्या. एवढा समजूतदार नवरा शोधून सापडणार नाही, असं त्याचं स्वतःविषयी प्रामाणिक मत होतं. आणि खरंच तक्रारी कमी होत गेल्या, मग थांबल्याच. गेले काही महिने घर कसं शांत... दोघं जेवत, ताटं उचलत, दिवा मालवत. त्याला वाटलं, जमलं एकदाचं.

रंग नाही, साहेब. पण चूकही नाही.

त्याने खुर्ची मागे सरकवली आणि उगाच पाणी पिऊन आला. मग कामाला लागला, कारण काम तरी करता येण्यासारखं होतं. पार्सरला एवढंच शिकवायचं होतं की उघडलेला प्रत्येक कंस कुठे उघडला ते लक्षात ठेव; आणि लिखाण संपताना एखादा उघडाच राहिला, तर शेवटच्या ओळीवर बोट ठेवू नकोस, मागे जा. मागे... टॉवेलच्या मागे काय होतं? टॉवेलच्या आदल्या आठवड्यात ती भावाकडून परत आली होती. तिचे वडील गेले होते. तोही गेला होता तिकडे, रजा टाकून. खुर्च्या उचलल्या, आल्यागेल्याला पाणी दिलं, सगळ्यांनी जावयाचं कौतुक केलं. जिन्याखालच्या ज्या खोलीत सासरे शेवटी राहत होते तिथे दुपारीही दिवा लावावा लागे. ती त्या खोलीत बराच वेळ एकटी उभी होती, आणि तो बाहेर खुर्च्या मोजत होता.

त्याच्याही मागे. एक सकाळ, तो बुटांच्या नाड्या बांधतोय, ती पदराने चष्मा पुसतेय. चष्म्याशिवाय तिचे डोळे लहान दिसतात. "बाबांना आपल्याकडे आणायचं का?" असं तिने विचारलं, अगदी सहज, उत्तर येण्याआधीच जरा घाबरलेल्या आवाजात. आणि मी नाही म्हणालो नव्हतो. कधीच नाही म्हणालो नाही. बघू म्हणालो, आणि नाडीची गाठ मारून निघालो. तिने पुन्हा विचारलं नाही. तिने पुन्हा विचारलं नाही म्हणजे विषय मिटला, असं आपण धरून चाललो, आणि ती मात्र त्या वाक्याच्या आत तशीच उभी — बाबा आजारी पडले तेव्हा, गेले तेव्हा, टॉवेल, शीळ, रेडिओ सगळं त्याच्या आतच...

त्याने संदेश लिहिला: या ओळीत कंस उघडला आहे. तो कुठेच बंद झालेला नाही. बाण वरच्या ओळीत, उघड्या कंसाखाली आणून ठेवला. कृपया घातलं नाही. तपासून बघितलं, रंगाऱ्याला पाठवून दिलं, आणि मॅनेजरबाईंना सांगून निघाला. त्या काहीतरी विचारत होत्या; उद्या सांगतो, असं तो म्हणाला आणि आपण बघू म्हणालो नाही, हे त्याचं त्यालाच जाणवलं.

बसमध्ये बसायला जागा मिळाली तरी तो उभाच राहिला. काय बोलायचं ते त्याने मनात लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. ती निघून गेली असेल, असं वाटून तो दोन थांबे आधीच दाराशी सरकला.

ती होती. पलंगाच्या कडेला बसून, मांडीवर बॅग, चेन अर्धी लावलेली. सवयीने त्याच्या ओठांवर आलं होतं, काय झालं? ते त्याने गिळलं.

"बाबांना इथे आणू का, असं विचारलं होतंस," तो म्हणाला. "मी बघू म्हणालो. पुढे मी बघितलंच नाही."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. मग तिने मान वर केली. रागावलेली नव्हती, रडवेलीही नव्हती, नुसती खूप दमलेली दिसत होती, आणि आपणही इतकेच दमलेले दिसत असू, असं त्याला वाटलं.

"बूट घालून आत आलास," ती म्हणाली.

त्याने खाली बघितलं. खरंच, लादीवर दारापासून मातीचे ठसे होते. एरवी तो माघारी वळला असता, बूट काढून, फडकं आणून, ठसे पुसून मोकळा झाला असता. कित्येक महिन्यांनी आलेली ती तक्रार ऐकून त्याला भीती वाटली, आणि बरंही वाटलं, रडू येईल इतकं बरं. तो जागचा हलला नाही.

"आणखी सांग," तो म्हणाला.

तिने चेनीवरचा हात काढला नाही, पण चेन ओढलीही नाही. तिच्या गाडीला अजून थोडा अवकाश होता. ती जाईल की राहील हे त्याला ठाऊक नव्हतं, विचारायचंही नव्हतं. ती जे सांगेल ते शेवटपर्यंत ऐकायचं आणि त्यातलं काहीही पुसायचं नाही, एवढंच त्याला समजत होतं, आणि तो मातीने माखलेल्या बुटांनी तसाच उभा राहिला.