निम्म्या किमतीचं घर

भूगोलाच्या बाईंना चाळिसाव्या वर्षी स्वतःचं घर मिळालं, तेव्हा त्यांच्या वहिनीने सुटकेचा निःश्वास टाकला आणि तो लपवायची तसदीही घेतली नाही. चौदा वर्षं बाई भावाच्या घरी बाहेरच्या खोलीत झोपत होत्या. आलेले पाहुणे उठेपर्यंत त्यांना पाठ टेकता येत नसे, आणि भाचरांच्या पसाऱ्यातून तपासायचे पेपर हुडकून काढावे लागत. घर पाहावं बांधून म्हणतात; बाईंच्या पगारात बांधणं राहू दे, नुसतं पाहणंही झेपत नव्हतं.

मग सरकारची योजना आली. ज्या वस्त्यांमध्ये शिक्षक टिकत नाहीत, तिथली बँकेने जप्त केलेली घरं शिक्षकांना निम्म्या किमतीत मिळणार होती. अट एकच, पण तिला शेपूट लांब. पाच वर्षं त्याच घरात स्वतः राहायचं, त्याच वस्तीतल्या शाळेत शिकवायचं, भाड्याने द्यायचं नाही, विकायचं नाही, बदली मागायची नाही. अट मोडली तर सवलत व्याजासकट परत. बाईंनी अर्ज केला आणि सोडतीत त्यांचा नंबर लागला.

"पाच वर्षं काय गं, चुटकीसरशी जातील," भाऊ म्हणाला.

दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे न्हाणीघर. न्हाणीघराच्या दारात एक अडनिडी पायरी होती. बाईंनी पहिल्याच आठवड्यात तिच्यावर तीनदा ठेच खाल्ली. पण दार लावून, हातपाय पसरून झोपायचं सुख काय असतं ते त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. शेजारी मात्र बोलत नव्हते. समोरचा सायकलवाला त्यांना पाहिलं की पंक्चर शोधण्यात बुडून जाई. नवी वस्ती आहे, रुळतील हळूहळू, असं बाईंनी मनाला समजावलं.

सातवीला नकाशाचं प्रमाण शिकवताना त्यांनी गृहपाठ दिला: आपापल्या घराचा नकाशा काढा. एक फूट म्हणजे एक सेंटिमीटर.

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्या वह्या तपासायला बसल्या. कुणाचा पलंग खोलीपेक्षा मोठा झाला होता, कुणी घराला दारच काढलं नव्हतं. मग पट्टीची वही आली. उंच, किडकिडीत आणि बोलायला सरळसोट, म्हणून त्या मुलीला अख्खा वर्ग पट्टी म्हणे. नकाशा सुरेख होता. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे न्हाणीघर. लहान खोलीतल्या खिडकीवर फुली मारून लिहिलं होतं, 'ही उघडत नाही'. न्हाणीघराच्या दारात बाण आणि त्यापुढे, 'पायरी अडीच इंच, सांभाळून'. वर ठळक अक्षरात, 'आमचं घर'.

बाईंनी मान वर करून न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं. हातातलं लाल पेन तसंच राहिलं. दहापैकी किती द्यायचे ते काही केल्या सुचेना.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी तिला थांबवलं.

"या घरात तू आता राहत नाहीस ना?"

"नाही. आता आमची एकच खोली आहे. तिचा नकाशा म्हणजे नुसता चौकोन झाला असता."

"तुला माहीत होतं? की मी…"

"पहिल्या दिवसापासून. शाळा सुटली की मी तिकडूनच जाते." पट्टीच्या आवाजात राग नव्हता, हेच बाईंना जास्त लागलं. "बाई, माझ्या खोलीच्या खिडकीला तुम्ही कपाट लावलंय का? बाहेरून अगदी अंधार दिसतो."

त्या दिवशी बाई शाळेतून परस्पर योजनेच्या कचेरीत गेल्या. खिडकीमागचा कारकून सज्जन होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"घर परत करता येईल, मॅडम. सवलत व्याजासकट भरायची, की झालं."

"आणि मग ते घर त्या लोकांना मिळेल?"

"छे! यादीतल्या पुढच्या शिक्षकाला. त्यांचा आणि या घराचा संबंध बँकेने जप्तीच्या दिवशीच संपवलाय."

"मग मी बदली मागितली तर?"

"बदली म्हणजे अट मोडली. तुम्ही अर्ज नीट वाचला होता ना?"

वाचला होता. एकदा नाही, चारदा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "लोक घरासाठी तळमळतात आणि तुला मिळालेलं टोचतंय!" बाहेरच्या खोलीत वहिनीने एव्हाना भाच्याचं अभ्यासाचं टेबल मांडलं होतं. परतीची वाटही बुजली होती.

पट्टी रोज साडेचारला घरावरून जाते हे आता बाईंना ठाऊक होतं. शाळेतून त्या धापा टाकत पुढे येत, पडदे ओढत आणि खिडकीपासून दूर, भिंतीला पाठ लावून बसत. बाहेर पावलं यायची, क्षणभर थांबायची, निघून जायची. स्वतःच्या घरात त्या चोरासारख्या अंग चोरून बसू लागल्या. वर्गात त्यांनी पट्टीशी जरा जास्तच गोड वागून पाहिलं. ती म्हणाली, "बाई, सगळ्यांना विचारता तसंच मलाही विचारा ना." बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वर्ष भरलं आणि योजनेचा तपासनीस आला. त्याने कपाटं उघडली, उशी दाबून पाहिली, न्हाणीघरातला टॉवेल ओला आहे हे बघून तो समाधानाने हसला. मग कागद पुढे केला.

"तुम्ही इथेच राहता असं वस्तीतल्या दोघांनी लिहून द्यायचं. आठ दिवसांत. नाही मिळालं तर अट मोडली असं धरतात."

शेजारच्या नर्सने सही केली. "पहाटे पाचला तुमचा नळ किंचाळतो. राहता म्हणजे राहताच!" दुसरी सही मात्र मिळेना. कुणी वाचून सांगतो म्हणालं, कुणी दारच उघडलं नाही. शेवटी बाई सायकलवाल्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"तुम्ही राहता हे मला दिसतंय, मी आंधळा नाही. पण जप्तीच्या कागदावर पंच म्हणून माझी सही घेतली होती त्यांनी. बायामाणसं भांडी बाहेर काढत होती आणि मी सही करत होतो. तेव्हाच ठरवलं, या घराच्या कागदाला पुन्हा हात लावायचा नाही. राग मानू नका."

बाई कागदाची घडी घालून परत फिरल्या.

आठव्या दिवशी दुपारी दार वाजलं. बाहेर एक बाई उभी होती. गळ्यात शिंप्याची फीत, केसांत दोऱ्याचे धागे. पट्टीची उंची कुठून आली ते लगेच कळलं.

"सायकलवाले भाऊ सांगत होते, तुम्हाला सही हवीय. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते. चालते ना माझी?"

बाई बाजूला झाल्या. ती आत आली, हात धुते म्हणाली आणि न्हाणीघराच्या दारात, खाली न बघता, नेमका पाय उचलून आत गेली. परत येऊन तिने टेबलावरचा कागद स्वतःकडे ओढला.

"मी परत करायला गेले होते हे घर," बाई घाईघाईने म्हणाल्या.

"त्याच खिडकीवर मीही गेले होते, तुमच्या आधी. तुम्ही सुटलात तर मला काय मिळणार? दारावर नवं कुलूप." तिने सावकाश, एकेक अक्षर जुळवत सही केली. "आणि दुसरं कुणी आलं की माझी पोर परत पहिल्यापासून सुरू करणार. आता तुमची सवय झालीय तिला."

"ती माझा राग करत असेल."

"करते. पण तुमचा नकाशाचा धडा घरी येऊन मला शिकवते." ती उठली. "बाई, एक करा. पडदे उघडे ठेवत जा. बंद घर बघून आली की ती जेवत नाही. निदान कुणीतरी राहतंय असं तरी दिसू दे तिला."

बाईंनी चहाचं विचारलं. ती नको म्हणाली. दुकानात काम पडलं होतं. जाताना तिने कुठल्याच खोलीत डोकावून पाहिलं नाही.

कागद वेळेत पोचला. कारकुनाने शिक्का मारला आणि पुढच्या वर्षाचा कोरा नमुना आताच हातात दिला, परत खेप नको म्हणून.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कपाट ओढून दुसऱ्या भिंतीला लावलं. पडदे बाजूला सारले, दिवा लावला आणि लहान खोलीतल्या खिडकीशी वह्या घेऊन बसल्या. साडेचारला पट्टी आली. कुंपणाशी थांबली. दोघींची नजरानजर झाली. इतक्या दिवसांत तिच्याकडे असं समोरून बघायचं धाडस बाईंना झालं नव्हतं. त्यांनी हात वर केला.

पट्टीने हात हलवला नाही. तिने खोली नीट पाहून घेतली, दप्तर खांद्यावर सरकवलं आणि ती चालू लागली. बाई तशाच बसून राहिल्या. अजून चार वर्षं होती.