न धडाडलेली तोफ

मित्रांनो, मी एक जुनी तोफ आहे. जन्माने मात्र अमेरिकेतल्या टेनेसीच्या टेकडीवरचे ओकचे झाड. इतके उंच, की एकदा माझ्या शेंड्यात अडकलेला ढग आठवडाभर तिथेच गळत राहिला आणि खालच्या खारी पोहायला शिकल्या. हे खोटे वाटले तर वाटू द्या. पुढचे खरे आहे, आणि तेच खोटे असते तर बरे झाले असते.

आमच्या देशात तेव्हा उत्तर आणि दक्षिण एकमेकांच्या जिवावर उठले होते. उत्तरेची एक तुकडी टेकडीवर आली. तिच्याजवळ एकही तोफ नव्हती. कॅप्टन थॅचर यांनी आम्हा झाडांवर कुऱ्हाड चालवली. ओबादाया प्रुइट नावाच्या सुतार सार्जंटने माझी साल सोलली, टोकाला गोल तोंड कोरले, डांबर आणि काजळी फासली आणि मला मोडक्या गाडीच्या चाकांवर चढवले.

"तोंड आतून कशाला घासतोस रे? शत्रू काय हात घालून बघणार आहे?" सोबती म्हणाले.

"अर्धवट काम मला जमत नाही," ओबादाया म्हणाला. "खरं तर तुम्हालाच चाकांवर चढवायला हवं होतं. काय घोरता लेको."

दक्षिणेची फौज समोरच्या रानात येऊन थबकली. आमची काळी तोंडे पाहून तिला पुढे यायचा धीर होईना. मी अभिमानाने फुगले. खऱ्या तोफा मागच्या रस्त्याने येतच होत्या. त्या पोहोचेपर्यंत दम धरायचा, एवढेच काम होते.

पण त्याच दिवशी आमच्याच सेनापतींनी लांबच्या कड्यावरून दुर्बीण लावली. टेकडीवर तोफांची रांग पाहून ते खूश झाले आणि वाटेतल्या खऱ्या तोफा त्यांनी नदीकडे वळवल्या. आमच्या तोफा लाकडी आहेत हे सांगायला कॅप्टननी घोडेस्वार पिटाळला. तो मान खाली घालून परतला.

"काय म्हणाले सेनापती?" कॅप्टननी विचारले.

"हसले, साहेब. म्हणाले, तोफा नाहीत म्हणून प्रत्येकच कॅप्टन रडतो. थॅचरच्या तोफा मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्यात. टेकडी सोडायची नाही, असा हुकूम आहे."

ओबादायाने माझ्या पाठीवर थाप मारली. "फारच देखणी केली गं मी तुला," तो म्हणाला. कुणी हसले नाही.

सकाळी शत्रूने अंदाज घ्यायला एक गोळा टाकला. आमच्याकडून उत्तर गेले नाही. मग दुसरा टाकला. मग ते चढू लागले. मित्रांनो, एकदाच धडाडता यावे म्हणून मी अंगातला तंतू न् तंतू ताणला. फक्त एक चीर पडली. ओबादायाने माझ्या चाकाला टेकून प्राण सोडला. कॅप्टनही गेले.

वर आलेल्या एका दक्षिणी शिपायाने माझ्या तोंडात हात घातला आणि तो खो खो हसला. मग त्याला माझ्यामागे पडलेली माणसे दिसली. त्याने टोपी काढली.

युद्ध संपल्यावर ओबादायाची बायको केझाया तो पडला ती जागा शोधत आली. तिने माझ्या तोंडात अंगठा फिरवला आणि तिथेच बसली.

"किती गुळगुळीत केलंय," ती म्हणाली. "आणि घरचं दार अजून अडकतंय. म्हणाला होता, आलो की रंधा मारतो."

आता गावकरी दर उन्हाळ्यात मला नवा काळा रंग देतात. मुलांनो, माझ्यावर बसा, खेळा. पण मला जपायचेच असेल, तर हा रंग खरवडून टाका. अगदी दूरच्या कड्यावरून पाहणाऱ्यालाही मी लाकूडच दिसायला हवे.